वाचकांचे प्रश्न : राहत्या गाडीतल्या गाद्यांचा फोम

प्रश्न : पीथमपूरला बनलेली जुनी ट्रॅव्हलर घेऊन ती आम्ही राहण्याजोगी करून घेतली आहे. दोन्ही बाजूंना ७२ × २४ इंचांचे बाक आहेत, मध्ये २४ इंचांची वाट. रात्री वाटेवर फळी टाकली की सलग पलंग होतो. चार वर्षांत गाद्या बसल्या, आता कुशीवर झोपले की कंबरेला फळी लागते. बाजारात चौकशी केली तर त्याच मापाच्या ‘४० डेन्सिटी’ फोमचा भाव एका दुकानात दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट सांगितला. कोणता घ्यावा, आणि कमी खर्चात कसे जमवावे? — एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : आधी भाव बाजूला ठेवा आणि दोन्ही दुकानांत शीट काट्यावर ठेवायला सांगा. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतले वजन. दुकानात हा शब्द दिवसभर बोलला जातो, पण मोजून क्वचितच दाखवला जातो, आणि निम्म्या भावाचे कोडे बहुतेक वेळा तिथेच सुटते. हिशेब सोपा आहे : किलोतल्या वजनाला ६१,००० ने गुणा आणि लांबी, रुंदी, जाडी यांच्या इंचांतल्या गुणाकाराने भागा. जे येईल ती डेन्सिटी.

७५ × ३६ × ४ इंचांची शीट खरोखर ४०ची असेल तर ७ किलोच्या किंचित वर भरेल. ३२ची साधारण ५.७ किलो, २८ची ५ किलोला जेमतेम, २३ची ४ किलोच्या आसपास. तोलण्याआधी जाडी मात्र टेप लावून चार ठिकाणी मोजा. ४ इंच म्हणून दिलेली शीट ३ इंच ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) निघाली तर हिशेब त्या मापाने करायचा. तोलू द्यायला दुकानदार तयार नसेल तर पुढच्या दुकानात जावे.

वजनातही एक फसगत आहे. फोम बनवताना त्यात खडूची भुकटी मिसळली की वजन वाढते, पण ताकद वाढत नाही, उलट घटते. असा फोम हाताला मेल्यासारखा लागतो, दाबून सोडला की आळसावत वर येतो. कापलेली कड अंगठ्याने जोरात घासा. बोटाला पांढरी पूड लागली किंवा कड सहज तुटून आली तर घेऊ नका.

आता डेन्सिटी आणि कडकपणा यांची गल्लत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २३चा फोमही कडक बनवता येतो आणि ४०चा मऊही. दुकानात दोन मिनिटे बसून पाहिले तर कडक केलेला हलका फोम छान वाटतो. पण त्यात मुळात माल कमी, त्यामुळे रोजच्या दाबाने त्याच्या बारीक घरांच्या भिंती मोडत जातात आणि वर्षभरात बसायच्या जागी खळगा पडतो. तुमच्या गाद्यांचे बहुधा हेच झाले असावे. डेन्सिटी टिकाऊपणासाठी बघायची, कडकपणा आपल्या वजनाप्रमाणे निवडायचा. ८० किलोच्या वरच्या माणसाने दुकानात नुसते बसू नये, गुडघा टेकून सगळा भार द्यावा. गुडघ्याला खालची फरशी लागली तर तो फोम ४ इंचांत पुरणार नाही.

बसणे आणि झोपणे दोन्ही त्याच गादीवर असल्याने तुम्ही ४० डेन्सिटीचा एचआर फोम ४ इंच जाडीत घ्यावा. एचआर म्हणजे जास्त उसळीचा. ओळखायला बेअरिंगची पोलादी गोळी ५० सेंटीमीटरवरून टाका. एचआरवर ती निम्म्याहून वर उसळते, साध्या फोमवर २० सेंटीमीटरच्या आसपास. हे बजेटबाहेर जात असेल तर खाली १ इंच रिबॉन्डेड आणि वर ३ इंच ३२चा एचआर अशी जोडगादी करा. रिबॉन्डेड म्हणजे फोमचे कातरण डिंकाने दाबून बनवलेला, रंगीबेरंगी ठिपक्यांचा दगडासारखा थर. त्याची डेन्सिटी ८० ते १००, त्यामुळे फळी लागत नाही. मात्र तो नेहमी खालीच. वर घेतला तर अंग दुखेल.

पैसे भरण्याआधी ४ इंची चौकोनी नमुना मागून घ्या. दोन फळ्यांमध्ये धरून शिकंज्याने २ इंचांपर्यंत दाबा आणि दिवसभर उन्हात बंद उभ्या गाडीत ठेवून द्या, कारण फोमला खरे दिवस तिथेच काढायचे आहेत. दुसऱ्या दिवशी सोडून अर्ध्या तासाने मोजा. एक सूत कमी भरला तर चालेल. दोन सूत किंवा जास्त कमी भरला तर तो फोम पहिल्याच उन्हाळ्यात बसेल.

आता बचत. तुमच्या मापाला सुट्या तुकड्यांची ऑर्डर देऊच नका, ७५ × ३६च्या दोन अखंड शीट घ्या. प्रत्येकीतून बाकाचा २४¼ इंचांचा पट्टा काढला की पावणेबारा इंचांचा पट्टा उरतो. असे दोन पट्टे जोडले की मधल्या वाटेची साडेतेवीस इंचांची गादी तयार. तिचा सांधा पलंगाच्या बरोबर मध्यावर, दोघांच्या मध्ये येतो, कोणाच्याही पाठीखाली नाही. मधल्या गादीची खोळ २३ इंचांची शिवा. राहिलेली १ इंचाची फट दोन्ही बाकांच्या गाद्या अर्धा-अर्धा इंच आत सरकवल्या की भरते. ७२ इंचांच्या लांबीला फोम साडेबहात्तर ठेवा.

पाठीला नवा महाग फोम लागत नाही. तिथे अंगाचा पूर्ण भार येत नाही, २३ ते २८ डेन्सिटी आणि २ इंच जाडी पुरते. तुमचा जुना फोम बसायच्या जागीच मेला असेल. कडेचे आणि कोपऱ्याचे भाग दाबून पाहा. चटकन वर येत असतील तर पाठीचे तक्के त्यातूनच निघतील. खरेदीला गादीच्या सजवलेल्या शोरूमपेक्षा सोफा आणि गाडीच्या सीटा बनवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या ठोक दुकानात जावे. तिथे ठोकळ्याच्या शेवटच्या, मापात न बसणाऱ्या शीट पडून असतात, आणि तुम्हाला तर तुकडेच करायचे आहेत. पिवळट पडली म्हणून शीट नाकारू नका. उजेडाने पांढरा फोम वरवर पिवळा होतोच. बोटाने खरवडल्यावर भुगा निघाला तरच ती वाया गेलेली समजावी.

प्रश्न : फोमऐवजी कापसाच्या गाद्या भरून घेतल्या तर स्वस्त पडणार नाहीत का? घरात जुना कापूस आहे, पिंजून घेता येईल. — एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : घरात कापूस असेल तर स्वस्त पडतील, आणि घरी जमिनीवर घालायला कापसासारखे सुख नाही. गाडीत मात्र तीन अडचणी येतात. कापूस दमट हवा शोषतो आणि त्याला वरचेवर ऊन द्यावे लागते; पावसाळी प्रवासात ते मिळत नाही. बाकावर बसून बसून तो पुढच्या कडेकडे सरकतो आणि गोळे होतात. शिवाय त्याच जाडीची कापसाची गादी फोमपेक्षा बरीच जड भरते, आणि दिवसातून दोनदा ती उचलून खालचा कप्पा उघडायचा असतो. कापूस वापरायचाच असेल तर फोमवर अंथरायला दीड इंचाची पातळ, दाट टाके घातलेली गादी शिवून घ्या. उन्हाळ्यात घाम टिपायला ती फार चांगली.

प्रश्न : मागच्या वेळी घरीच फोम कापला. कडा वरून सरळ पण खालून आत गेलेल्या निघाल्या, जोड दिला तिथे कडक वरंबा झाला आणि खोळ तर चढेचना. कुठे चुकले? — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : कड आत जाते ती कापताना फोम दाबल्यामुळे. दाबलेला फोम फुगतो, आपण सरळ कापतो, आणि सोडल्यावर कड वाकडी दिसते. रेघ वर आणि खाली दोन्हीकडे आखा. शीट प्लायच्या कडेवर अशी ठेवा की रेघ कडेच्या जरा बाहेर येईल. लांब, दातेरी पावाची सुरी उभी धरून, भार न देता, लांब हातांनी चालवा. एका फटक्यात आरपार जायचा हट्ट नको, तीन-चार फेऱ्यांत कापा. तापलेल्या तारेने कड गुळगुळीत निघते हे खरे, पण जळणाऱ्या फोमचा धूर विषारी असतो. घरात तो प्रयोग करू नका.

वरंबा चिकटवण्यामुळे आला. लाकडाचा पांढरा फेव्हिकॉल फोमच्या आत धड सुकत नाही, आणि सुकला की काचेसारखा कडक होतो. एसआर ९९८ सारखे रबरी सोल्युशन वापरा. दोन्ही कडांना पातळ हात मारून दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि बोटाला चिकटेनासे झाले की जोडा. एकदा टेकले की सरकवता येत नाही, म्हणून आधी कोरडे जुळवून पेनाने खुणा करून ठेवा. सोल्युशन फक्त खालच्या ३ इंचांना लावायचे, वरचा १ इंच कोराच ठेवायचा. मग अंगाला सांधा जाणवत नाही. हे काम गाडीच्या आत नको, अंगणात करा. सोल्युशनची वाफ पेट घेते, जवळ शेगडी किंवा विडी नको.

खोळीची चूक बहुधा मापाची. जुना फोम मोजून नवा कापला तर तो लहान होतो, कारण जुना आक्रसलेला असतो. उलट धुऊन आटलेली खोळ न मोजता फक्त बाक मोजला तर फोम मोठा होतो. म्हणून खोळ उलटी करून शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजा आणि फोम त्याहून साधारण अर्धा इंच जास्त ठेवा म्हणजे कापड ताणून बसेल. पट्टा पुरत नसेल तिथे पाव इंचही चालतो. वर अर्ध्या इंचाचे पॉलिएस्टर वॅडिंग, म्हणजे कापसासारखा मऊ थर, गुंडाळणार असाल तर मात्र फोम खोळीच्या मापाचाच ठेवा, नाही तर कोपरे वाकतील. हे वॅडिंग जरूर घाला. त्याने कोपरे भरून दिसतात आणि खोळ फोमवर घासत नाही.

चढवताना फोम पातळ पॉलिथिनमध्ये गुंडाळा, तोंडाशी व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावून हवा ओढा, फोम आकसला की खोळीत सरकवा, कोपरे जुळवा आणि पॉलिथिन फाडून बाहेर ओढून घ्या. ते आत राहता कामा नये. नवी खोळ शिवत असाल तर चेन मागच्या लांब बाजूला लावा आणि दोन्ही टोकांना कोपऱ्यावरून ५-६ इंच वळवून आणा. नुसत्या मागच्या बाजूपुरती चेन असेल तर ४ इंची फोम घालताना तिचे टाके उसवतात.

प्रश्न : पावसाळ्यानंतर गाद्यांच्या खालच्या बाजूला काळे ठिपके आले आहेत आणि कुबट वास येतो. गाडी कुठूनही गळत नाही. — एक वाचक, इंदूर

उत्तर : पाणी बाहेरून आलेले नाही, झोपणाऱ्यांच्या अंगातून आले आहे. रात्रभरचा घाम आणि उच्छ्वासाची वाफ फोममधून खाली उतरते आणि थंड प्लायला लागून तिथे तिचे पाणी होते. बंद काचा आणि खाली सामानाने भरलेला कप्पा, मग ते सुकणार कुठून? पचमढीसारख्या थंड जागी डिसेंबरात दोन रात्री काढल्या तरी गादीचा तळ ओला लागतो.

प्लायला १ इंच व्यासाची भोके ६-६ इंचांवर पाडा, कडेपासून २ इंच आणि खालच्या आडव्या पट्ट्यांपासूनही दूर, म्हणजे ताकद जाणार नाही. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांत अडीच इंचांपेक्षा जास्त अंतर नको. फोम फटीत उतरून लवकर मोडतो. खोळीची वरची बाजू कोणत्याही कापडाची असो, तळाला जाळीचे कापड लावा. रेक्झिन चारी बाजूंनी लावले की गादी पिशवीत बांधल्यासारखी होते. नवी गादी मळू नये म्हणून कारखान्याचे पॉलिथिन तसेच ठेवण्याची सवय अनेकांना असते, गाडीत तीच सर्वांत घातक ठरते. सकाळी उठल्यावर गाद्या अर्धा तास कडेवर उभ्या करा आणि रात्री दोन समोरासमोरच्या काचा बोटभर उघड्या ठेवा.

ठिपके फक्त खोळीवर असतील तर ती गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. फोमला एका कोपऱ्यात चिरून पाहा. डाग आत पाव इंचाहून खोल गेले असतील तर तो टाकाच, धुऊन बुरशी जात नाही आणि ४ इंची फोम आतून सुकायला अनेक दिवस लागतात. वरवर असतील तर उन्हात तास-दोन तास पालटून वाळवा, त्याहून जास्त नको, उन्हाने फोमची साल ठिसूळ होते. टाकायचा फोम जाळू नका, त्याच्या धुरात सायनाइडचा वायू असतो. याच कारणाने गाडीतल्या गॅसच्या शेगडीलगत गादीची कड येऊ देऊ नये.

प्रश्न : जुन्या गाद्या तशाच ठेवून वर २ इंच मेमरी फोम टाकला तर भागेल का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. खालचा खळगा वरच्या थरातही उतरतो. शिवाय मेमरी फोम तापमानाप्रमाणे बदलतो. मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत तो इतका मऊ होतो की अंग रुतते, आणि थंडीत पहाटे पाटासारखा ताठरतो. वर मऊपणा हवाच असेल तर १ इंच लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, घ्या, आणि तोही खालचा फोम बदलल्यावर.