‘मॅडम, आधी सर्टिफिकेट करू का?’

“मॅडम, आज रात्री बारापर्यंत फी निम्मी आहे. भरू का?”

शनिवारची अर्धी शाळा आटोपून ती थेट एसटीने माझ्याकडे आली होती. एका हातात तपासायच्या वह्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर टेफलच्या, म्हणजे इंग्रजी शिकवायला शिकवणाऱ्या १२० तासांच्या ऑनलाइन कोर्सची जाहिरात होती आणि खाली उरलेले तास-मिनिटं उलटी पळत होती. कोर्सची फी काही हजारांतच होती, ते पैसे आईच्या भिशीतून येणार होते. खरी काळजी पुढची होती. परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी लावून देतो म्हणून एका एजंटने पावणेदोन लाख सांगितले होते, आणि बाबा त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढायला निघाले होते.

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं तर आधी सर्टिफिकेट करावं का, हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. या मुलीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

वय २८. कराडजवळचं गाव. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, दहावीपर्यंत गावातलंच मराठी माध्यमाचं हायस्कूल. मग इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. आणि बी.एड. तीन वर्षं तालुक्याच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, महिना १४,००० रुपयांवर. पवित्र पोर्टलच्या शिक्षकभरतीची वाट पाहून मन थकलेलं.

“कुठल्या देशात जायचंय?” मी विचारलं.

“कुठेही, मॅडम. जपान मिळालं तर सोनंच.”

‘कुठेही’ या उत्तरावर एक रुपयाही भरायचा नाही, एवढं मी तिला ठामपणे सांगितलं. मोबाइल उलटा ठेवायला लावला आणि कोरा कागद पुढे केला. डावीकडे देश, उजवीकडे तो देश शिक्षकाकडे काय मागतो. मधे तिची माहिती: पासपोर्ट भारतीय, शालेय माध्यम मराठी, पदव्या अमुक, अनुभव तीन वर्षं.

पहिली ओळ तिच्या आवडीची, म्हणून जपान. मातृभाषा नसलेली भाषा तिथल्या शाळेत शिकवायची असेल तर त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं, अशी शिक्षकांच्या व्हिसाची अट आहे. तिने बोटांवर मोजलं. बी.ए.ची तीन, एम.ए.ची दोन, बी.एड.ची दोन. सात. दुसरी ओळ कोरियाची. तिथला भाषाशिक्षकांचा नेहमीचा व्हिसा इंग्रजीसाठी सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया करारात शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांसाठी सरकारी शाळेत सहायक म्हणून एक अरुंद वाट आहे, पण तिच्यावर घरादाराचं गणित मांडता येत नाही. चीनमध्येही भाषाशिक्षक त्या भाषेच्या मायदेशातलाच असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

तिचा पेन थांबला. “म्हणजे मराठी शाळेत शिकले हा माझा गुन्हा झाला का, मॅडम?”

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं आणि आजही वाटतं. नियम आहे तो आहे, पण तो मला पटत नाही. जिने इंग्रजी बाहेरून, एकेक शब्द वेचून मिळवली, तिला मुलाची जीभ नेमकी कुठे अडते ते माहीत असतं. इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’सारखी उपपदं मराठीत नाहीत, म्हणून आपली मुलं ती गाळतात किंवा कुठेही घालतात. व्ही आणि डब्ल्यू आपण एकाच ‘व’ने उच्चारतो. या खाचा तिने स्वतः ओलांडलेल्या. हे मी तिला सांगितलं, पण सांत्वन म्हणून तेवढ्यावर सोडून दिलं असतं तर तिची फसवणूक झाली असती. कुठलंही सर्टिफिकेट पासपोर्ट बदलत नाही आणि शाळेचं माध्यमही बदलत नाही. जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही.

मग कागदाचा खालचा भाग भरला. आखाती देशांतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा बी.एड. आणि अनुभव बघतात. मालदीवमध्ये शाळांचं माध्यम इंग्रजी आहे आणि भारतीय शिक्षक तिथे वर्षानुवर्षं जात आले आहेत. थायलंडमध्ये पदवी लागतेच, बी.एड. असेल तर शिक्षक परवान्याचं काम सोपं होतं, आणि इंग्रजी मातृभाषा नसेल तर बऱ्याच शाळा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी किमान ६०० गुण किंवा तशाच एखाद्या परीक्षेचा निकाल मागतात. व्हिएतनाममध्ये पदवीच्या जोडीला इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र मागतात. टेफल किंवा टेसॉल नावाच्या अशा प्रमाणपत्रांना खरा भाव तिकडे.

कागद पूर्ण झाला तेव्हा तिच्याच लक्षात आलं. जिथे तिला दार उघडं होतं त्यातल्या बहुतेक ठिकाणी तिचं बी.एड.च पुढे चालणार होतं. बी.एड.ला ती आजवर ‘नुसतं बी.एड.’ म्हणत होती!

“मग टेफल करूच नको?”

हे नीट समजून घ्यायला हवं. टेफल हे एखाद्या विद्यापीठाच्या पदवीसारखं एकच प्रमाणपत्र नाही. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं, एवढाच त्याचा अर्थ. तो शब्द वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून दोन दिवसांत मिळणारा कागदही टेफल आणि महिनाभर घाम गाळून मिळालेलाही टेफलच. फरक कळायला मी दोनच प्रश्न विचारायला सांगते. या कोर्समध्ये मी खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणार आहे का? आणि मी शिकवत असताना मागे बसून कुणी टिपणं काढणार आहे का?

केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या कोर्समध्ये किमान १२० तासांचं शिक्षण आणि त्यात सहा तास प्रत्यक्ष वर्गात शिकवणं असतं. ट्रिनिटीच्या सर्टटेसॉल या तशाच कोर्समध्येही सहा तास शिकवावंच लागतं. फी भरली की प्रवेश, असं सेल्टाचं नसतं. आधी लेखी काम देतात, मुलाखत घेतात. शेवटी एकच मोठी परीक्षा नसते, प्रत्येक पाठ तपासला जातो. तो मुख्यतः मोठ्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी घडवलेला आहे आणि खर्च लाखाच्या वर जातो. महिना १४,००० मिळवणाऱ्या मुलीला मी हा पहिल्या दिवशी कसा सुचवणार? आणि जाहिरातीतल्या कोर्सने तिच्या बी.एड.मध्ये फारशी भर पडत नव्हती. व्हिएतनामचं नक्की झालं तर तो तेव्हाही घेता आला असता. कोर्स कुठे पळून जात नाही आणि ती निम्मी फी पुढच्या शनिवारीही निम्मीच असते.

एजंटबद्दल मात्र मी बाबांशी फोनवर बोलले. म्हटलं, “दादा, परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला भारत सरकारची नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते. आणि नोंदणीकृत एजंटलासुद्धा सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, “तो तर म्हणाला, टुरिस्ट व्हिसावर जाऊ दे, तिथे गेल्यावर बदलून देऊ.” मी त्यांना सोसायटीचा अर्ज तिथल्या तिथे मागे घ्यायला सांगितलं. टुरिस्ट व्हिसावर शिकवणं म्हणजे पगार बुडाला तरी तक्रारीला तोंड नाही. पोरगी परक्या देशात अशी अडकली तर कुणाच्या दारात जायचं?

पुढचे चार महिने गेले कागदपत्रांत. आपल्याकडे या कामाला कुणी महत्त्व देत नाही आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर नाव आधी, पदवीच्या प्रमाणपत्रावर शेवटी आईचं नाव. आपल्याला यात काही गैर दिसत नाही, परदेशी शाळेच्या ऑफिसला तीन वेगळ्या बाया दिसतात. तिने तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. पदव्यांवर आधी राज्याच्या पातळीवरचे, मग परराष्ट्र मंत्रालयाचे शिक्के घेतले. २००५ पासून भारत अपॉस्टिलच्या, म्हणजे एकाच शिक्क्यावर कागद परदेशात चालावा यासाठीच्या करारात आहे, त्यामुळे त्या करारातल्या देशांसाठी तेवढं पुरतं. बाकीच्यांसाठी दूतावासाची पायरी उरते. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस दाखला काढला. शाळेकडून अनुभवाचं पत्र मिळवायला सगळ्यात जास्त खेटे घालावे लागले, कारण पत्र दिलं की बाई सोडून जाणार हे तिथल्या लोकांना कळत होतं.

तिने सहा ठिकाणी अर्ज केले. दोन मुलाखती झाल्या, एक निवड झाली. मालदीवमधल्या एका बेटावरची शाळा. टेफलचा तिथे कुणी विषयही काढला नाही.

प्रत्येकाचं उत्तर हेच असेल असं मात्र समजू नका. त्याच महिन्यात एक मुलगा आला होता. बी.कॉम., बी.एड. नाही, वर्गात उभं राहण्याचा अनुभव शून्य, पण इंग्रजी उत्तम आणि व्हिएतनाम पक्कं ठरवलेलं. त्याला मी आधी सर्टिफिकेट घे म्हणाले, तेही प्रत्यक्ष शिकवायला लावणारंच. सहा तास शिकवून त्याला हे काम आवडतं की नुसतं परदेश आवडतं, ते परत न मिळणारं विमानाचं तिकीट काढण्याआधी कळणार होतं.

ती गेली त्याला दीड वर्ष झालं. मधे एकदा फोनवर म्हणाली, “मॅडम, इथली मुलं घरी दिवेही, म्हणजे इथली भाषा बोलतात. वर्गात सगळं कळतं त्यांना, पण तोंड उघडत नाहीत. मी आठवीत अशीच बसायचे.” मग बराच वेळ ती त्या मुलांबद्दलच सांगत राहिली. एक मुलगी फळ्यावर येऊन लिहिते पण बोलत नाही, तिच्यासाठी आता काय करू, असं विचारत होती.

गेल्या महिन्यात तिने स्वतःच्या पगारातून साठवलेल्या पैशांवर सेल्टा सुरू केला. ऑनलाइन, शाळा सांभाळून. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन आला. पहिला पाठ झाला होता.

“मॅडम, चाळीस मिनिटांचा तास होता. त्यातली सत्तावीस मिनिटं मीच बोलत होते. सरांनी घड्याळ लावून मोजलं.”

“मग?”

“पाच वर्षं होत आली शिकवतेय, आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.” तिचा आवाज रडवेला झाला होता, पण पुढच्याच श्वासात ती दुसऱ्या पाठाची आखणी सांगू लागली. सूचना तीनच, त्याही छोट्या. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजायचं आणि तोवर तोंड उघडायचं नाही.

“पाच आकडे फार वाटतात हो, मॅडम,” ती म्हणाली. “पण उद्या सकाळी माझ्या सातवीवर आधी करून बघते.”