राउटरमध्ये एलएस (फाइलींची यादी), सीपी (कॉपी), ग्रेप (मजकुरात शोध) या सगळ्या लिनक्स कमांड एकाच छोट्या फाइलमध्ये कशा मावतात?

ही बिझीबॉक्सची, म्हणजे अनेक कमांड एकत्र करणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामची, करामत. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५च्या सुमारास डेबियन या लिनक्स प्रणालीचा इन्स्टॉलर एका फ्लॉपीत बसवण्यासाठी ते लिहिलं. ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्स-आधारित प्रणाली असलेल्या राउटरवर बिन फोल्डर उघडून बघा: एलएस, सीपी, ग्रेप हे सगळे एकाच बायनरीकडे (चालणाऱ्या प्रोग्राम-फाइलकडे) बोट दाखवणारे सिमलिंक, म्हणजे शॉर्टकट. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली, हे ती बायनरी शून्याव्या आर्ग्युमेंटवरून (प्रोग्रामला मिळणाऱ्या त्याच्या नावावरून) ओळखते आणि तेवढंच काम करते. प्रत्येक प्रोग्रामचा वेगळा हेडर, तेच तेच फंक्शन, सगळं वाचतं.

स्वतः बिल्ड करणार असाल तर मेन्यूकॉन्फिगमध्ये (बिल्डच्या सेटिंग मेन्यूत) नको ते अ‍ॅपलेट (आतल्या कमांड) बिनधास्त उडवा आणि मसल ही छोटी सी लायब्ररी वापरून स्टॅटिक लिंक करा, म्हणजे लायब्ररी फाइलमध्येच जोडा. जीलिबसी या नेहमीच्या मोठ्या सी लायब्ररीने फाइल उगाच फुगते. मात्र बिझीबॉक्सच्या कमांडना पर्याय मोजकेच मिळतात. ग्रेपला पर्ल-पद्धतीचं रेगेक्स (शोधाचा नमुना) दिलंत, की स्क्रिप्ट अडलीच म्हणून समजा.