कॅलिफोर्नियात पोलिस-फायरसाठी सेल्स टॅक्स वाढवायला हो म्हणावं का? पैसे खरंच तिकडे जातात का?

आधी अभिनंदन, नवीन सिटीझन झाल्यावर पहिला बॅलट (मतपत्रिका) घरी येतो तेव्हा भारी वाटतंच. तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सिटीने पोलिस, फायर आणि ९११ (इमर्जन्सी फोन) च्या नावाने अर्ध्या सेंटचा, म्हणजे डॉलरमागे अर्धा सेंट किंवा अर्धा टक्का, सेल्स टॅक्स मतदानाला टाकलाय, घरात एक जण म्हणतोय सुरक्षेसाठी आहे ना मग देऊन टाकू, दुसरा म्हणतोय हे सगळं पेन्शनमध्ये जाणार, आणि तुम्हाला कळत नाहीये की पैसा नक्की जातो कुठे. मी सॅन वाकीन काउंटीत बरीच वर्षं राहतेय आणि आमच्या गावातल्या अशाच एका टॅक्सच्या ओव्हरसाइट कमिटीवर, म्हणजे खर्चावर लक्ष ठेवणाऱ्या नागरिकांच्या समितीवर, काही काळ होते, त्यामुळे तिथे बसून जे कळलं ते सांगते.

बॅलटवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या. आधी हे शोधा की पास व्हायला मतं किती लागतात, साधं बहुमत का दोन तृतीयांश. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. साधं बहुमत असेल तर तो बहुतेक जनरल टॅक्स, म्हणजे पैसा सिटीच्या जनरल फंडात, म्हणजे सगळ्या खर्चांच्या सामाईक तिजोरीत, जाणार आणि कौन्सिल दरवर्षी बजेटमध्ये ठरवेल तिथे खर्च होणार, पोलिसांवर होईल, लायब्ररीवर होईल, खड्डे बुजवायला होईल. दोन तृतीयांश लागत असतील तर स्पेशल टॅक्स, आणि तो कायद्याने फक्त त्यात लिहिलेल्या कामालाच वापरता येतो. हा भेद १९९६ च्या प्रॉप २१८ ने (प्रॉप म्हणजे राज्यभर मतदानाला ठेवलेला प्रस्ताव) पक्का करून ठेवलाय. आता ६६.६७ टक्के लोकांना एका टॅक्सवर हो म्हणायला लावणं किती अवघड आहे हे तुम्हीच विचार करा, म्हणून बहुतेक सिट्या जनरल टॅक्स आणतात, प्रश्नाच्या ७५ शब्दांत पोलिस, फायर, ९११ पुढे ठेवतात आणि मग फ्लायरवर फायर ट्रकचा फोटो. यात बेकायदेशीर काही नाही हं, पण फोटो बघून मत देऊ नका. (एक अपवाद आहे, सिटीने नाही तर नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेला स्पेशल टॅक्स असेल तर २०१७ च्या अपलँड केसनंतर कोर्टांनी साधं बहुमत चालेल म्हटलंय, त्यामुळे प्रश्न कोणी आणलाय तेही बघा.)

आमच्या शेजारचं स्टॉकटन याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. २००८ नंतर घरांचे भाव कोसळले, सिटीचं उत्पन्न आटलं, पोलिस खातं जवळपास पाव हिश्शाने कमी करावं लागलं, आणि जून २०१२ मध्ये सिटीने सरळ दिवाळं काढलं, तोपर्यंत अमेरिकेत इतक्या मोठ्या शहराचं दिवाळं निघालं नव्हतं, पुढच्या वर्षी डेट्रॉइट निघालं म्हणून यांचा नंबर गेला. २०१२ च्या त्या एका वर्षात स्टॉकटनमध्ये ७१ खून झाले, तीन लाख वस्तीचं शहर आहे, आमच्याकडचे लोक संध्याकाळनंतर तिकडे जायला नको म्हणायचे. मग नोव्हेंबर २०१३ मध्ये मेझर ए (मेझर म्हणजे गावापुरता मतदानाचा प्रस्ताव) आला, पाऊण सेंट, जनरल टॅक्स. आणि त्याच्या जोडीला मेझर बी, ज्यात फक्त विचारलं होतं की ए पास झाला तर ६५ टक्के पैसा गुन्हेगारी रोखायला आणि ३५ टक्के दिवाळखोरीतून बाहेर पडायला आणि बाकी सेवांना वापरावा असं तुम्हाला वाटतं का. ही युक्ती नीट समजून घ्या, बी हा नुसता सल्ला असतो, कौन्सिलवर बंधन नाही, पण तो वेगळा ठेवल्यामुळे ए जनरल टॅक्स राहतो आणि निम्म्याहून थोडी जास्त मतं पुरतात. ए तसाच निसटता पास झाला. स्पेशल टॅक्स म्हणून आणला असता तर पडलाच असता. तुमच्या बॅलटवर अशी जोडी असेल तर समजून जा काय चाललंय.

वचन होतं १२० जास्तीच्या पोलिसांचं. ते एका रात्रीत आले नाहीत, काही वर्षं लागली, कारण टॅक्स सुरू झाला म्हणून पोलिस दुकानात मिळत नाहीत, अकॅडमी असते, मग रस्त्यावरचं ट्रेनिंग, आणि तोपर्यंत जुने लोक जास्त पगाराच्या शेजारच्या गावात निघून जातात. एकीकडून भरती आणि दुसरीकडून गळती. गंमत बघा, खुनांचा आकडा २०१३ मध्येच ७१ वरून ३२ वर आला होता, म्हणजे टॅक्सचा एक डॉलरही जमा व्हायच्या आधी, आणि २०१४ मध्ये टॅक्स चालू झाल्यावर तो परत ४९ वर गेला. म्हणून कोणी फ्लायरवर एका वर्षाचा आकडा दाखवून टॅक्समुळे गुन्हे घटले किंवा टॅक्स देऊनही वाढले असं सांगत असेल तर दोघांवरही विश्वास ठेवू नका. सिटी मात्र फेब्रुवारी २०१५ मध्ये दिवाळखोरीतून बाहेर आली, आणि त्यात या पैशाचा वाटा होता हे मान्य करायलाच हवं.

आता पेन्शन. घरातला दुसरा आवाज पूर्ण चुकीचा नाहीये. १९९९ मध्ये राज्याने कायदा करून पेन्शन वाढवली आणि त्यानंतर पुष्कळ सिट्यांनी पोलिस आणि फायरला 'थ्री ॲट फिफ्टी' दिलं, म्हणजे नोकरीच्या प्रत्येक वर्षाला पगाराचे ३ टक्के, वयाच्या पन्नाशीपासून, तीस वर्षं नोकरी केली की पगाराच्या ९० टक्के पेन्शन. २०१३ पासून नवीन भरती होणाऱ्यांना ते मिळत नाही, पण जुन्यांचं देणं आहे आणि ते कॅलपर्सला, म्हणजे राज्याच्या सरकारी पेन्शन फंडाला, दरवर्षी भरावंच लागतं, स्टॉकटनने दिवाळखोरीतसुद्धा त्याला हात लावला नाही. त्यामुळे पोलिसांसाठी टॅक्स घेतला आणि तो पोलिसांच्या पेन्शनमध्ये गेला तर सिटी खोटं बोलली असं कागदावर म्हणता येत नाही. तुम्हाला गस्तीवर नवीन गाडी दिसत नाही एवढंच. अजून एक, स्पेशल टॅक्स असला तरी सिटी आधी जनरल फंडातून पोलिसांना जे देत होती ते हळूच कमी करू शकते आणि नवीन पैशाने खड्डा भरू शकते, म्हणून मेझरच्या मजकुरात जुनी रक्कम कायम ठेवू असं बंधन आहे का ते शोधा. बऱ्याचदा नसतं.

मग सिट्या सेल्स टॅक्सच्याच मागे का लागतात? कारण १९७८ च्या प्रॉप १३ ने प्रॉपर्टी टॅक्सला कुलूप घातलं, दर १ टक्का, आणि घराची करपात्र किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही जोपर्यंत घर विकलं जात नाही. त्या १ टक्क्यातही काउंटी, शाळा सगळे वाटेकरी, सिटीच्या हाती थोडकंच. आपल्याकडे पुण्यात मिळकतकराच्या बिलावर अग्निशमन कर अशी वेगळी ओळ असते, घर ज्याचं त्याने आगीच्या बंबाचा खर्च द्यायचा, हिशोब सरळ आहे. आणि पोलिस तर महाराष्ट्रात राज्याच्या गृहखात्याचे, महापालिकेला त्यांच्या पगाराची चिंताच नाही. इथे पोलिस सिटीचे आणि बहुतेक ठिकाणी फायरही सिटीचं, दोन्ही मिळून जनरल फंडाचा मोठा भाग खातात, आणि उत्पन्न वाढवायची सोपी वाट म्हणजे दुकानातली पावती.

तसं पब्लिक सेफ्टीचा अर्धा सेंट तुम्ही आत्ताही भरताय. १९९३ मध्ये राज्याने सिटी-काउंटीचा प्रॉपर्टी टॅक्स शाळांकडे वळवला आणि त्याची भरपाई म्हणून प्रॉप १७२ आणला, मतदानाच्या तोंडावर सदर्न कॅलिफोर्नियात मोठ्या आगी लागल्या होत्या आणि तो आरामात पास झाला. तो आजच्या ७.२५ टक्के बेसमध्येच, म्हणजे राज्यभर लागणाऱ्या किमान दरातच, आहे, पण त्या अर्ध्या सेंटातलं बहुतेक काउंटीला जातं, शेरीफ, जेल, डिस्ट्रिक्ट अटर्नी (सरकारी वकील), सिटीला चिल्लर.

तुम्हाला किती पडेल ते सांगते. डाळ-तांदूळ, भाजी, दूध यावर इथे सेल्स टॅक्स नाहीच, डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधावर नाही, घरभाड्यावर नाही. रेस्टॉरंट, कपडे, फर्निचर, इलेक्ट्रॉनिक्स यावर आहे. समजा अशा गोष्टींवर महिन्याला १५०० डॉलर जातात तर अर्ध्या सेंटने साडेसात डॉलर वाढतील. ३०,००० ची गाडी घेतली तर १५० डॉलर, आणि शेजारच्या गावात जाऊन घेतली तरी सुटका नाही, कारण हा लोकल भाग गाडी जिथे रजिस्टर होते तिथला लागतो, ऑनलाइन सामानाला साधारण डिलिव्हरीच्या पत्त्याचा. तुम्हाला-मला हे जाणवणार नाही, पण शेतात किंवा वेअरहाऊसमध्ये काम करणाऱ्याच्या पगारातला मोठा भाग असल्याच खर्चात जातो, त्याला टक्केवारीत जास्त बसतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

ओव्हरसाइट कमिटीबद्दल फ्लायरवर ठळक लिहिलेलं असतं म्हणून सांगते, आम्हाला नाही म्हणायचा अधिकार नव्हता. पैसे खर्च झाल्यावर रिपोर्ट यायचा, आम्ही प्रश्न विचारायचो, फायनान्सवाले शांतपणे उत्तर द्यायचे, मिनिट्समध्ये नोंद व्हायची. उपयोग अजिबात नाही असं नाही, कोणीतरी रिपोर्ट वाचतंय हे माहीत असलं की लोक जरा नीट वागतात, पण कमिटी आहे म्हणजे पैसा सुरक्षित असं समजू नका. याच्यापेक्षा व्हायेहो (Vallejo) या कॅलिफोर्नियातल्याच शहराने केलं ते मला आवडलं होतं. त्यांचंही २००८ मध्ये दिवाळं निघालेलं, २०११ मध्ये एक सेंटचा टॅक्स अगदी काठावर पास झाला, आणि त्यातला काही हिस्सा कुठे खर्चायचा ते लोकांनीच सुचवून लोकांनीच मत देऊन ठरवायचं असं कौन्सिलने २०१२ मध्ये केलं, अमेरिकेत अख्ख्या शहरासाठी असं पहिल्यांदाच.

माझं विचाराल तर, जनरल टॅक्स असेल, मुदत लिहिलेली असेल म्हणजे आठ-दहा वर्षांनी परत मतदान, आणि गेल्या तीन-चार वर्षांच्या बजेटमध्ये पोलिस-फायरची पदं खरंच रिकामी किंवा गोठवलेली दिसत असतील तर मी हो म्हणते. मुदत नसेल, मतदार बंद करत नाहीत तोपर्यंत चालू असं लिहिलं असेल, तर मी नाही म्हणते, कारण एकदा कायमचा झाला की कौन्सिलला परत तुमच्या दारात यायची गरज उरत नाही. मुदत आणि दर बॅलटच्या प्रश्नातच लिहावे लागतात, त्यामुळे शोधायला त्रास नाही. बॅलटबरोबर आलेल्या पुस्तिकेत सिटी अटर्नीचं (सिटीच्या वकिलाचं) निःपक्ष विश्लेषण असतं, एक-दोन पानांचं, रुक्ष आहे पण तेवढं वाचाच, आणि विरोधातल्या बाजूच्या सह्या कोणाच्या आहेत तेही बघा, कधीकधी विरोधात कोणी लिहिलेलंच नसतं. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेले तुमचे मित्र मत देऊ शकत नाहीत पण टॅक्स भरतात, त्यांना सांगा कौन्सिल मीटिंगमध्ये पब्लिक कॉमेंटला कोणीही उभं राहू शकतं, सिटीझनशिप कोणी विचारत नाही.

आणि पाकिटावर सही करायला विसरू नका, आतल्या बॅलटवर नाही, बाहेरच्या पाकिटावर.