जुन्या लिनक्ससाठी साउंड कार्ड

प्रश्न : माझ्या जुन्या संगणकावर २.४ कर्नलचं (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्स आहे. मदरबोर्डवरचा आवाज गेला. एक पीसीआय स्लॉट (जादा कार्ड बसवायची जुन्या पद्धतीची खाच) मोकळा आहे. कोणतं कार्ड घेऊ?

उत्तर : खोक्यावरचं नाव नव्हे, कार्डावरची चिप बघा. २.४ मध्ये ईएमयू१०के१ (EMU10K1) चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, आधीपासून असतो. ही चिप मूळ ‘साउंड ब्लास्टर लाइव्ह’वर मिळते. मधल्या मोठ्या चौकोनी चिपवर हाच क्रमांक छापलेला हवा. फसगत नेमकी इथेच होते: ‘लाइव्ह २४-बिट’ नावावरून जुळा भाऊ वाटतो, पण त्यावर सीए०१०६ (CA0106) चिप असते आणि ईएमयू१०के१चा ड्रायव्हर तिला ओळखत नाही. साधा आवाजच हवा असेल, तर एन्सोनिक कंपनीच्या ईएस१३७१ (ES1371) चिपचं कार्डही उत्तम चालतं.

नव्या पद्धतीचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड तुमच्या स्लॉटमध्ये बसणारच नाही. यूएसबी साउंड कार्डाच्या वाटेला इतक्या जुन्या कर्नलवर न गेलेलंच बरं.

कार्ड बसवण्याआधी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) मदरबोर्डवरचा ऑडिओ बंद करा. नाहीतर साउंड कार्डांमधला पहिला क्रमांक तोच अडवतो, नवं कार्ड दुसऱ्या क्रमांकावर जातं आणि प्रोग्राम मुक्या चिपकडेच आवाज पाठवत राहतात. मग रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून ‘एलएसपीसीआय’ (lspci) ही आज्ञा चालवून चिप दिसते का पाहा, ‘मॉडप्रोब’ (modprobe) या आज्ञेने ईएमयू१०के१ मॉड्यूल, म्हणजे तिचा ड्रायव्हर, चढवा. मॉड्यूल चढूनही शांतता असेल, तर ‘ऑमिक्स’ (aumix) या आवाज कमी-जास्त करायच्या प्रोग्राममध्ये मुख्य आणि पीसीएम (प्रोग्रामांकडून येणारा डिजिटल आवाज) या दोन्ही पट्ट्या वर न्या, एक शून्यावर असली तरी काही ऐकू येत नाही.