वाचकांचे प्रश्न : मुठेच्या काठावरचे शेकाटे

प्रश्न : आम्ही काही ज्येष्ठ नागरिक पुण्यात म्हात्रे पूल ते भिडे पूल असे मुठेच्या काठाने रोज सकाळी फिरायला जातो. लांब लाल पायांचे, काळ्या पंखांचे पांढरे पक्षी पात्रात थव्याने दिसतात. आमच्यातले एक गृहस्थ म्हणतात, पक्षी वाढले म्हणजे नदी सुधारली. वास मात्र आहे तसाच आहे. खरे काय मानावे?

उत्तर : आपल्या नाकावर विश्वास ठेवावा. आपण वर्णन केलेला पक्षी शेकाट्या होय, आणि त्याची गर्दी हे नदी स्वच्छ झाल्याचे लक्षण नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांत पाणी अडवले जात असल्यामुळे पावसाळा सोडला तर शहरातल्या पात्रातून जे वाहते ते बहुतांशी सांडपाणीच असते. त्यातल्या सेंद्रिय गाळात बारीक लाल अळ्या मोठ्या प्रमाणावर वाढतात. या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे, मासे गुदमरतील इतक्या कमी प्राणवायूच्या पाण्यातही त्या तग धरतात. शेकाट्या उथळ पाण्यात एकेक पाय उचलून सावकाश चालतो आणि सुईसारख्या सरळ चोचीने त्या टिपतो. त्याच्यासाठी हे ताट वाढूनच ठेवलेले आहे. खडकवासल्यातून विसर्ग सुरू होऊन भिडे पूल पाण्याखाली गेला की हेच थवे दिसेनासे होतात, कारण त्यांना पाणी पायांच्या उंचीपेक्षा खोल चालत नाही.

पुलाखाली गळ टाकून बसलेल्यांच्या पिशवीत एकदा डोकावून पाहावे. तिथे बहुधा चिलापी किंवा मांगूर असतो, आणि हे दोन्ही मासे घाण पाणी सोसणारे आहेत. मांगूर तर पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो. म्हणजे ‘मासे मिळतात’ एवढ्यावरूनही काही सिद्ध होत नाही. काठावरच्या तारेवर बसणारा, निळ्या पाठीचा आणि पांढऱ्या गळ्याचा खंड्या पाहून अनेकजण हरखतात. पण तो किडे, सरडे, बेडूक यांवरही गुजराण करतो, त्यामुळे पाण्याविषयी त्याची साक्ष फारशी उपयोगाची नाही. लक्ष ठेवायचेच असेल तर कवड्या खंड्यावर ठेवावे. हा काळा-पांढरा पक्षी पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, मासा दिसला की सरळ खाली सूर मारतो, आणि त्यासाठी त्याला वरून मासा दिसेल इतके नितळ पाणी लागते. तो, किंवा पिवळ्या चोचीचा नदी सुरय, आपल्या टप्प्यात नेमाने दिसू लागला तर आपल्या स्नेह्यांचे म्हणणे पुन्हा विचारात घेता येईल.

याचा अर्थ शेकाट्या पाहू नये असा मुळीच नाही. उडताना शेपटीच्या मागे लांबवर निघालेले त्याचे गुलाबी-लाल पाय पाहण्यासाठी तरी सकाळी लवकर उठावे. हिवाळ्यात जोडीला शेपटी सतत वर-खाली हलवणारे पाहुणे धोबीही असतात.

प्रश्न : याच वाटेवर एक गृहस्थ पुलावरून घारींना मांसाचे तुकडे टाकतात. घारी ते हवेतच झेलतात. हे पुण्यकर्म म्हणावे का?

उत्तर : पाहायला मौज वाटते हे मान्य, तरीही हे टाळलेले बरे. शहरातल्या घारीला उंदीर-घुशी आणि कचऱ्यातले मांस यांवर पोट भरता येते. तिची उपासमार होत नाही. माणसाच्या हातून खायची सवय लागलेली घार मात्र पुढे लहान मुलाच्या हातातल्या खाऊवरही झडप घालते, तिची नखे लागून जखम होते, आणि खाली पडलेल्या तुकड्यांवर कुत्री जमतात ती वेगळीच. त्या गृहस्थांना हे चारचौघांत न सांगता चालता चालता, एकट्यांना गाठून सांगावे. पुलावर जमलेल्या बघ्यांसमोर टोकले तर ते दुसऱ्या दिवशी दुप्पट मांस घेऊन येण्याचीच शक्यता अधिक.