चार्जर लावला की कुंई येते? मग कपलर कापू देऊ नका

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. २००६ ची वॅगन आर, समोर ऑक्सची (बाहेरचं यंत्र वायरीने जोडायची) पिन जाते असा जुना सीडी सेट, त्याला आयपॉड क्लासिक. लायटरच्या सॉकेटमध्ये चार्जर घातला की स्पीकरमधून कुंई सुरू होते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. दुकानदार म्हणतोय सेट गेला, स्क्रीनवाला नवा बसवा. माझ्या झेनमध्ये हुबेहूब हेच झालं होतं.

सेट बहुतेक गेलेला नाही. चार्जर काढा आणि आयपॉड स्वतःच्या बॅटरीवर वाजवा. कुंई थांबली तर सेटला दोष देऊच नका. चार्जर लावलेला असताना आयपॉडला दोन वाटांनी अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोडणी) मिळत असतो: एक चार्जरमधून, दुसरी ऑक्सच्या वायरीतून सेटकडे. गाडीच्या बॉडीवर त्या दोन जागांमध्ये जरासा व्होल्टेजचा फरक असतो. अल्टरनेटरची (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) खळबळ त्यातून थेट गाण्यात शिरते, म्हणून इंजिनच्या वेगाबरोबर आवाज बदलतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. सिनेसंगीतात हा आवाज एक वेळ दबून जाईल, पण आलापाच्या सुरुवातीला नुसता तानपुरा चालू असताना सहन होत नाही.

आता माझं काय झालं ते सांगतो, कारण तुमचा दुकानदार त्याच वाटेवर दिसतोय. आपल्या नाशकातल्या एका चांगल्या चालणाऱ्या दुकानात गाडी दिली. नाव लिहीत नाही. आधी म्हणाले अल्टरनेटर खराब. तो उघडून डायोड प्लेट बदलली. कुंई होती तशीच. मग म्हणाले 'अर्थिंग पक्कं करून देतो', आणि मला न विचारता सेटमागचा कंपनीचा कपलर, म्हणजे सगळ्या वायरी सेटला जोडणारा प्लग, कापला. चारही स्पीकरच्या निगेटिव्ह वायरी एकत्र पिळून बॉडीला जोडल्या. अशा सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्प्लिफायरच्या आयसीतून (आवाज मोठा करणाऱ्या चिपमधून) येतात. गाणं बंद असतानाही दोन्हींवर साधारण ६ व्होल्ट असतात, त्यातली एकही अर्थ नसते. ती बॉडीला लावणं म्हणजे सरळ शॉर्ट. आयसी तापून गेला. वर मलाच ऐकवलं, 'बघा, सेटच खराब होता,' आणि नवा सेट गळ्यात मारला. नव्या सेटवरही चार्जर लावला की कुंई आलीच! पक्कं बिल दिलं नव्हतं, त्यामुळे भांडायलाही काही हातात नव्हतं. ज्या गावात सातपूरला गाड्या बनतात, इतके हुशार ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, तिथे ही अवस्था याचा मला अजून राग येतो.

पुढे एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने कापलेल्या वायरींच्या जोड्या दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलने शोधून दिल्या. सेल क्षणभर टेकवायचा. ज्या स्पीकरमध्ये टक् वाजेल ती त्याची जोडी, आणि पडदा बाहेर आला तर सेलचं प्लस त्याच्या प्लसवर आहे. हे करताना वायरी सेटपासून सुट्या हव्यात.

माझ्या मते तुम्ही एवढंच करा. प्रवासात आयपॉड पॉवर बँकेवर चार्ज करा, पॉवर बँक मात्र त्या वेळी लायटरला लावू नका. लूपच तुटतो. ते नको असेल तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला, ३.५ मिलिमीटरच्या पिनांची छोटी डबी असते, आत ट्रान्सफॉर्मर असतात. एम. जी. रोडला विचारा, नाहीतर ऑनलाइन मिळते. अगदी स्वस्त घेतली तर खर्ज थोडा पातळ होतो. आणि आयपॉडच्या खालच्या ३० पिनांच्या सॉकेटमधून लाइन आउटची केबल मिळाली तर हेडफोनच्या भोकापेक्षा तीच वापरा, आवाज स्वच्छ येतो.

एफएम ट्रान्समीटर (आयपॉडचं गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवणारं यंत्र) कोणी सुचवला तर गावात फिरायला ठीक. आकाशवाणी १०१.४ आणि मिर्ची ९८.३ यांच्यापासून दूरचा आकडा धरा. पण कसारा उतरून मुंबईकडे निघालात की तिथली गर्दी सुरू होते, आणि इथे रिकामा असलेला आकडा तिथे रिकामा असेलच असं नाही. कॅसेट डेकवाल्यांचं बरं असतं: अडॅप्टरमधून गाणं चुंबकीय हेडवरून हेडवर जातं, वायरीचा थेट संबंध नसतो, त्यामुळे हा त्रास क्वचितच होतो.

मी इलेक्ट्रिशियन नाही, गाडी समोर न बघता लिहितोय. चार्जर काढूनही कुंई राहिली तर कारण वेगळं, मग जाणत्याला दाखवा. सेट बाहेर काढायची वेळ आलीच तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायला सांगा, पण त्याआधी सेटच्या कोडचं कार्ड शोधून ठेवा. काही जुने सेट बॅटरी काढली की कोड मागतात. आणि कपलर बदलायचाच असेल तर तयार जोडणीचा हार्नेस विकत मिळतो, त्यासाठी कंपनीची वायर कापावी लागत नाही.