व्यंकीजच्या आधी ब्लॅकबर्न रोव्हर्सला काही इतिहास होता का?

आपण विचारले आहे की, पुण्याच्या व्यंकीजने विकत घेण्यापूर्वी ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब कोणाच्या खिजगणतीत होता का, आणि इंग्लिश फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्या माणसाने त्याला पाठिंबा द्यावा का. उत्तर थोडे तिखट होईल, कारण माझे साडू हाच प्रश्न वर्षानुवर्षे विधानाच्या रूपात मांडत आले आहेत: 'जॅक वॉकरने पैसा ओतला म्हणून एकदा जिंकले, एरवी त्या गावाला विचारतो कोण?' वॉकर म्हणजे नव्वदच्या दशकातला क्लबचा धनाढ्य मालक, आणि साडू मँचेस्टर युनायटेडचे भक्त आहेत, हे सांगायला नकोच.

१८७५ साली स्थापन झालेला हा क्लब १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक आहे. त्याच्या आधीच त्याने १८८४, १८८५ आणि १८८६ अशी सलग तीन वर्षे एफए कप, म्हणजे इंग्लंडची जुनी बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकला होता. एकूण सहा वेळा जिंकला. लीगचे विजेतेपद तीनदा मिळवले, त्यांपैकी १९१२ आणि १९१४ ची विजेतेपदे बॉब क्रॉम्प्टनच्या नेतृत्वाखाली. क्रॉम्प्टन ब्लॅकबर्नमध्येच जन्मला, प्लंबरचे काम शिकला, खेळाडू म्हणून सारी कारकीर्द याच क्लबात घालवली आणि इंग्लंडचाही कर्णधार झाला. वॉकर तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता.

राहिला पैशाचा मुद्दा. फर्गस सूटर नावाचा स्कॉटिश पाथरवट १८८० मध्ये शेजारच्या डार्वेन क्लबातून रोव्हर्समध्ये आला. इंग्लंडचा दगड फार कठीण आहे, असे सांगून त्याने छिन्नी-हातोडा केव्हाच खाली ठेवला होता, असे म्हणतात, आणि तरीही त्याची चूल व्यवस्थित पेटत होती. खेळण्याचे पैसे घेण्याला अधिकृत मान्यता मिळाली ती १८८५ मध्ये, मग त्याआधी ती चूल कशावर पेटत होती हे लँकेशायरमध्ये सर्वांना ठाऊक होते. पैशाने इंग्लिश फुटबॉल नासवले म्हणणाऱ्यांनी तक्रार निदान तिथून सुरू करावी.

मी काही काळ नोकरीनिमित्त लँकेशायरमध्ये होतो आणि ७ मे २०१२ रोजी, सोमवारी संध्याकाळी, ईवुड पार्क या रोव्हर्सच्या मैदानावर विगनविरुद्धच्या सामन्याला हजर होतो. सामना हरल्यास रोव्हर्स प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीतून बाहेर पडणार होते. शेजारच्या खुर्चीवर सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ होते. त्यांनी मी कुठला असे विचारले, तेव्हा 'इंडिया' म्हणून भागले असते, पण मी सवयीने 'पुणे' म्हणालो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिले. व्यंकीजचा पत्ता त्या गावात शाळकरी पोरांनाही पाठ झाला होता. नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब घेतल्यावर महिनाभरातच नव्या मालकांनी सॅम अॅलरडाइस या अनुभवी व्यवस्थापकाला घरी पाठवले आणि त्याच्या जागी स्टीव्ह कीनला बसवले, ज्याने तोवर एकाही संघाचे मुख्य व्यवस्थापकपद सांभाळले नव्हते. त्यानंतर दीड वर्ष गाव चिडलेले होते. त्या संध्याकाळी कुणीतरी क्लबचे रंग पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. कुक्कुटपालनावर मोठ्या झालेल्या मालकांना याहून स्पष्ट निरोप कसा द्यायचा? लोक हसले, आमचे गृहस्थ हसले नाहीत.

मध्यंतरात मात्र ते बोलू लागले. त्यांची आजी गिरणीत विणकर होती आणि तिच्या मागावर धोतरे विणली जात. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानात जाणारे धोतरांचे कापड हा ब्लॅकबर्नचा मोठा धंदा होता, म्हणजे क्रॉम्प्टनच्या संघाला आरोळ्या ठोकणाऱ्यांत कितीतरी जण आठवडाभर तुमच्या-माझ्या पूर्वजांसाठी धोतरे विणत होते. पुढे तो धंदा बसला. १९३१ मध्ये गांधीजी डार्वेनला येऊन बेकार विणकरांना भेटून गेले, हेही त्यांनीच मला सांगितले, काहीशा परीक्षकाच्या सुरात. गिरण्या गेल्यावर गावात सगळ्यांचे म्हणावे असे एवढेच उरले, असे म्हणून त्यांनी मैदानाकडे बोट केले. सत्याऐंशीव्या मिनिटाला विगनच्या अल्कारासने कॉर्नरवर डोक्याने गोल केला आणि प्रीमियर लीगमधली सलग अकरा वर्षे संपली. निघताना त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केले, पण 'तिकडे गेल्यावर सांगा त्यांना' असेही बजावले. मी कोणाला सांगणार होतो?

म्हणून माझे मत असे की, मालकाचा पत्ता पुण्याचा आहे एवढ्यावरून 'आपला क्लब' म्हणत पाठिंबा देऊ नये. वॉकर वेगळा होता, कारण तो त्याच गावचा होता. पोलादाच्या धंद्यात कमावलेला पैसा त्याने १९९१ पासून लहानपणापासूनच्या आपल्या संघावर खर्च केला, व्यवस्थापक म्हणून केनी डॅल्ग्लिशला आणले, गोल करायला अॅलन शिअररला आणले. घरच्या थोरल्याने घर सावरावे तसे ते होते. व्यंकीजच्या हाती मात्र २०१७ मध्ये हाच क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर कोणत्याही क्लबावर तोवर ही पाळी आली नव्हती.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, व्यंकीजने वर्षानुवर्षे तोटा भरून काढला आहे, कित्येक मालक एवढ्या काळात क्लब वाऱ्यावर सोडून निघून गेले असते, आणि २०१८ मध्ये पहिल्याच प्रयत्नात रोव्हर्स दुसऱ्या श्रेणीत परतले तेही याच मालकांच्या काळात. अॅलरडाइसचा खेळ नेत्रसुखद होता, असाही माझा दावा नाही. शिवाय वॉकरच्या पैशाविना १९९५ चे विजेतेपद आले नसते, हे साडूंचे म्हणणे मला मान्य आहे.

मात्र त्या हंगामात रोव्हर्सचे ८९ गुण झाले आणि युनायटेडचे ८८, शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलच्या अॅनफील्ड मैदानावर हरले असतानाही युनायटेडला वेस्ट हॅमला हरवता आले नाही, आणि त्याच वर्षी जानेवारीत युनायटेडने अँडी कोलसाठी ७० लाख पौंडांचा व्यवहार केला, जो तेव्हा ब्रिटनमधला विक्रम होता. वॉकरने एकाही खेळाडूसाठी तोवर एवढी रक्कम मोजलेली नव्हती. साडूंकडून यावरचे उत्तर अजून आलेले नाही.